गाडी कुणाच्या हवाली करायची?

आमच्या घरात मोटारसायकली दोन आणि त्यांच्या दुरुस्तीबद्दलचे पक्षही दोन. इंदापूरला अब्बांची हिरो होंडा स्प्लेंडर आहे, 2004 साली घेतलेली. बारामतीला धाकट्याची नवी गाडी आहे, 2022 ची. अब्बा म्हणतात, गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडेच टाकावी. धाकटा म्हणतो, ज्या कंपनीची गाडी तिच्याच शोरूमला न्यावी. रविवारी सगळे इंदापुरात जमलो की दस्तरखानावर सालन येईपर्यंत हा विषय निघतोच. बाहेरच्या माणसाला वाटावे, जमिनीच्या वाटणीचा वाद चालला आहे.

विषय छोटा आहे, पण ज्या घरात चारचाकी नाही त्या घराची सगळी धाव या दोन चाकांवर असते. कंपनीची पाळी, शाळा-कॉलेज, दवाखाना, लग्नाची दावत, कुणाच्या मयतीला पोहोचणे, सगळे त्यावरच. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी असा हा पालखीचा रस्ता. गळीत हंगामात त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर धावत असतात. अशा रस्त्यावर आपण मागे आईला बसवतो, पुढे टाकीवर लेकराला बसवतो आणि निघतो. ब्रेक लागेल, चाक जागेवर राहील, हा भरवसा कुणाचा? ज्याने शेवटचा पाना फिरवला त्याचा. म्हणून गाडी कुणाच्या हवाली करायची हा प्रश्न आम्हाला आता पूर्वीइतका छोटा वाटत नाही.

अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निमगाव केतकीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांची नोकरी झाली. स्प्लेंडर घेतली तेव्हा त्यांनी एक दोनशे पानी वहीही घेतली. त्यात तारीख, किलोमीटर, काय केले, किती पैसे, असे चार रकाने आखले. ती वही अजून चालू आहे. तिच्या जवळजवळ प्रत्येक पानावर एकच नाव आहे, ‘उस्ताद’. इंदापुरात त्यांचे पत्र्याचे शेड आहे. वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फिटरच्या हाताखाली ते काम शिकले. गाडी चालू करून दिली की ते आधी काही बोलत नाहीत, ऐकतात. मग म्हणतात, “गुरुजी, टॅपेट वाजतोय.” प्लग काढून उजेडात धरतात. विटकरी रंग असला की समाधानाने मान हलवतात. काळा आणि कोरडा असला तर पेट्रोल जास्त जाते आहे, ओला तेलकट असला तर इंजिन ऑइल जळते आहे. हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवले. पगार लांबला तर त्यांनी कधी पैशासाठी निरोप धाडला नाही. ब्रेकचे लायनर अजून दोन महिने चालणार असतील तर स्वतःच सांगतात, “आत्ता नको, ईद झाल्यावर टाकू.”

उस्तादांच्या दोन खोडीही लिहिल्या पाहिजेत. ‘उद्या या’ म्हणजे परवा, हे इंदापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. आणि बिल मागितले तर ते दुखावतात. “गुरुजी, तुम्ही माझ्याकडे बिल मागता?”

धाकट्याचा पक्षही बिनबुडाचा नाही. तो बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे. या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे आणि 2012 पासून तिथे व्हेस्पा स्कूटर तयार होते. अशा ठिकाणी काम करणाऱ्याला मशीन कसे जुळते, कोणता नट किती आवळायचा याचे माप कसे ठरलेले असते, हे रोज दिसते. तो म्हणतो, “अब्बा, कान कितीही तयार असला तरी मापाची बरोबरी करत नाही.” शिवाय 1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-सिक्सचे नियम लागू झाले. धुराची मर्यादा कडक झाली, आणि बहुतेक मोटारसायकलींचा कार्बुरेटर जाऊन तिथे फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोल किती सोडायचे हे आता एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, सायलेन्सरमधून ऑक्सिजन किती बाहेर पडला, ही माहिती त्याला सेन्सर देतात. बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा लागतो. कोणत्या सेन्सरची तक्रार आहे, हे कळायला स्कॅनर जोडावा लागतो. तो शोरूममध्ये असतो. उस्तादांच्या शेडमध्ये नव्हता.

आमचा पहिला धडा इथेच झाला.

2023 च्या पावसाळ्यात पालखी इंदापुरातून पुढे गेल्यावर रस्त्यांवर चिखल होता. धाकटा रविवारी घरी आला तेव्हा गाडी ओळखू येत नव्हती. त्याने ती वॉशिंगला देऊन जोराच्या फवाऱ्याने धुऊन घेतली. संध्याकाळी निघायच्या वेळी पिवळा दिवा लागला आणि गाडी जागेवर उभी असताना बंद पडू लागली. सोमवारी पहिली पाळी होती. अब्बा म्हणाले, उस्तादांकडे चल.

उस्तादांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आज आठवते, की नेहमीपेक्षा ते जास्त वेळ गप्प होते. मग त्यांनी जुन्या गाडीच्या कार्बुरेटरला फिरवतात तसा थ्रॉटल बॉडीवरचा एक स्क्रू फिरवून आयडल वाढवला. त्या स्क्रूवर कंपनीने रंगाचा ठिपका देऊन ठेवलेला होता. तो तुटला. गाडी त्या वेळी चालली, पण बारामतीला पोहोचेपर्यंत पुन्हा धक्के मारू लागली. शोरूममध्ये स्कॅनर जोडला तेव्हा कळले, की सेन्सरच्या कपलरमध्ये पाणी शिरले होते. नुसते साफ करून वाळवले असते तरी काम झाले असते. पण स्क्रू हलल्यामुळे पुढचे सगळे माप बिघडले होते. ठिपका तुटलेला, म्हणून ते काम वॉरंटीत बसले नाही. 6,400 रुपये द्यावे लागले.

धाकटा त्या रविवारी जेवताना एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते. असरनंतर उस्ताद स्वतः घरी आले. कुणीतरी त्यांना सांगितले होते. त्यांनी खिशातून पैसे काढून अब्बांसमोर ठेवले. अब्बांनी ते परत केले. बराच वेळ चहा तसाच राहिला. मग उस्ताद म्हणाले, “गुरुजी, कळत नव्हते तर हात लावायला नको होता. पण इतक्या वर्षांत तुम्हाला नाही म्हटलेले नाही. त्या दिवशी जीभ रेटली नाही.”

ते गेल्यावर आम्हाला समजले, की चूक एकट्या त्यांची नव्हती. आम्ही त्यांच्यापुढे गाडी उभी केली ती विचारण्यासाठी नव्हे, दुरुस्तीसाठीच. ओळख इतकी घट्ट झाली होती, की त्यात ‘हे मला येत नाही’ म्हणायला जागाच उरली नव्हती. ओळखीचा हा तोटा आमच्या कधी ध्यानात आला नव्हता.

त्यानंतर धाकट्याचा पक्ष घरात जिंकला असे आम्ही धरून चाललो. सहा महिने चाललो.

जानेवारी 2024 मध्ये अम्मीचे डोळे दाखवायला तिला बारामतीला नेले होते. शनिवारी धाकट्याची गाडी शोरूममधून सर्व्हिसिंग होऊन आली. छापील बिल, धुतलेली गाडी, सीटवर प्लॅस्टिक. बिलात ‘चेन अ‍ॅडजस्ट’वर बरोबरची खूण होती. रविवारी सकाळी निघालो. पुढे धाकटा आणि त्याच्या मागे अम्मी. अब्बांना घेऊन आम्ही स्प्लेंडरवर मागे. काटेवाडी गेली. भवानीनगरच्या अलीकडे समोरून कारखान्याकडे वळणारा उसाचा ट्रॅक्टर आला. धाकट्याने ब्रेक दाबला तसे मागचे चाक आम्हाला तिरके झालेले दिसले. आम्ही ओरडायच्या आत अम्मीनेच त्याचा खांदा धरला. “थांबव रे बेटा, गाडी मागून हलतेय.” अम्मी आयुष्यात कधी मोटारसायकल चालवलेली नाही. पण वीस वर्षे मागे बसून तिला गाडीची चाल पाठ झाली आहे.

उतरून पाहिले. मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलचा नट बोटांनी फिरत होता. चेनचा ताण नीट करायचा असेल तर हा नट ढिला करावा लागतो, चाक थोडे मागे सरकवावे लागते आणि मग नट पुन्हा मापात आवळायचा असतो. तो आवळायचा राहिला होता. पंक्चर काढणाऱ्या एका माणसाने मोठा पाना आणून चाक सरळ केले, नट आवळला, आणि पैसे घ्यायला तयार होईना. अम्मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून होती. तिचे हात थरथरत होते, आणि तरी ती धाकट्यालाच धीर देत होती.

सोमवारी शोरूमला धाकटा आणि आमची बहीण गेली. ती बारामतीला कॉलेजात शिकते, धाकट्याकडेच राहते. काउंटरवर उत्तर मिळाले, “गाडी नेताना तुम्ही तपासून सही केली आहे.” सही खरीच होती. बहिणीने विचारले, “तपासायला पाना कोण देतं?” मग तिने जॉब कार्ड मागितले. त्यावर काम करणाऱ्याचा नंबर असतो. आत जायला ग्राहकांना मनाई होती, म्हणून मॅनेजरांनी त्या नंबरच्या मुलाला बाहेर बोलावले. विशीतला पोरगा. त्याने सबब सांगितली नाही. म्हणाला, “चेन मीच केली. मध्येच दुसऱ्या गाडीला बोलावलं. परत आलो तेव्हा ही धुवायला गेली होती. शनिवारी माझ्याकडे अकरा गाड्या होत्या.” मग त्याने विचारले, “मावशींना लागलं नाही ना?”

गाव विचारल्यावर तो इंदापूर तालुक्यातला निघाला. काम कुठे शिकलास, तर आमच्याच उस्तादांच्या शेडमध्ये. दोन वर्षे तिथे पाने धुतले, मग पगाराची नोकरी म्हणून इथे लागला. धाकटा सांगतो, की हे ऐकल्यावर त्याचा सगळा राग कुठे ठेवावा हेच त्याला कळेना. आमचे घर इतकी वर्षे ज्या दोन पक्षांत वाटले गेले होते, त्या दोन्हीकडचा हात एकच होता.

मॅनेजर त्या मुलावर कारवाईची भाषा करू लागले. बहिणीने त्यांना थांबवले. ती म्हणाली, “त्याच्याकडे अकरा गाड्या कुणी दिल्या, तेही लिहा.” तिने तिथेच कागद घेऊन अर्ज लिहिला. चाक आणि ब्रेकचे काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने ते तपासावे, एवढीच मागणी. लेबरचे पैसे परत मिळाले. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आणली तेव्हा अ‍ॅक्सलच्या नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली होती. आवळून, तपासून झाल्याची ती खूण. सगळ्याच गाड्यांना ओढतात की आमच्याच, हे आम्ही विचारले नाही.

उस्तादांना हे सांगितले तेव्हा त्यांना आनंद होईल असे आम्हाला वाटले होते. ते उलट गंभीर झाले. म्हणाले, “पाना खाली ठेवायच्या आधी नटाला पुन्हा हात लाव, हे मीच त्याला शिकवलंय. पण माझ्याकडे दिवसाला चार गाड्या असतात. अकरा असत्या तर मीही विसरलो असतो.”

तेव्हापासून घरातला वाद मिटला असे नाही, पण त्याचे रूप बदलले. ओळखीचा की कंपनीचा, हे आम्ही आता विचारत नाही. ज्याच्या हाती गाडी जाणार तो काय केले ते दाखवतो का, लिहून देतो का, आणि येत नसेल तर येत नाही म्हणू शकतो का, हे पाहतो. दिलेली गाडी ही अमानत आहे. अमानत घेणाऱ्याची जबाबदारी आहेच. पण देणाऱ्यानेही डोळे मिटून देऊ नये.

घरातल्या कामाची वाटणी अशी झाली आहे. नवी गाडी वॉरंटीत आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिसिंग वेळेवर शोरूमलाच. पिवळा दिवा, एबीएस, सेन्सर, वायरिंग, हेही तिथेच. जुन्या स्प्लेंडरचे सगळे काम उस्तादांकडे. नव्या गाडीचे पंक्चर, केबल, लायनर अशी कामे अडल्यावेळी इंदापुरात करतो. पण रंगाचा ठिपका असलेल्या कोणत्याही गोष्टीला हात लावू देत नाही.

वॉरंटीच्या बाबतीत एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती इथे सांगतो. बाहेर कुठेही पाना लागला की वॉरंटी संपली, असे सरसकट सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटारकार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याबद्दलचे ते प्रकरण. पुढे ते अपिलात गेले. बाहेरच्या गॅरेजात काम केले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, चुकीच्या दुरुस्तीने जे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे त्या आदेशात होते. तो निकाल मोटारींबाबतचा आहे. मोटारसायकलवाल्याने आपल्या पुस्तिकेतल्या अटी वाचणे हेच उत्तम. पण ‘बाहेरच्या कामाने नेमके काय बिघडले ते लिहून द्या’ असे विचारायला हरकत नाही. आमच्या बाबतीत खरेच बिघडले होते, म्हणून आम्ही पैसे भरले.

बाकीची पथ्ये साधी आहेत. गाडी देताना किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा आणि अंदाजी खर्च आधी विचारावा. ठरल्यापेक्षा जास्त काम निघाले तर फोन करूनच करा, असे बजावावे. इंजिन ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच असावे, आणि डब्याचे सील आपल्यासमोर फुटावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेले पाहावे. ‘एमबी’चे ऑइल स्कूटरसाठी असते, ते मोटारसायकलला घातले तर क्लच घसरू शकतो. काढलेला पार्ट परत मागावा, मग तो भंगारात का टाकायचा असेना. शोरूममध्ये बिलात पॉलिश, फ्लश, अ‍ॅडिटिव्ह अशा ओळी घुसतात. नको असतील तर नको म्हणावे. बाहेरच्या गॅरेजात मिस्त्री चिठ्ठी लिहून देतो आणि पार्ट आपण दुकानातून आणतो. काही ठिकाणी त्या चिठ्ठीवर मिस्त्रीला कमिशन असते, म्हणून पाकिटावरची छापील किंमत पाहावी आणि दुकानाचे पक्के बिल घ्यावे. गाडी ताब्यात आल्यावर पाणी-चहा घ्यायच्या आधी एक चक्कर मारावी. दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, आणि अ‍ॅक्सलचा नट आवळलाय ना, हे पाना लावून दाखवायला सांगावे. हे करायला पाच मिनिटे लागतात.

तक्रार ऐकून घेतली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. पैसे घेऊन केलेल्या कामातली हयगय ही त्या कायद्याने सेवेतली त्रुटी आहे, मग ती काचेच्या शोरूममधली असो वा पत्र्याच्या शेडमधली. 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पण त्या दारात जायचे तर हाती कागद पाहिजे. ‘ओळखीचा आहे, बिल कशाला’ म्हणणाऱ्याच्या हाती तो नसतो.

घरातल्या बायकामुलींबद्दल एक सांगायचे राहिले. आमची बहीण स्कूटर घेऊन एकदा एका गॅरेजात गेली तेव्हा तिला विचारले, “घरचं कुणी मोठं नाही आलं का?” ती म्हणाली, “काढलेला पार्ट मला दाखवा, घरच्यांना मी दाखवते.” आता घरातल्या दोन मोटारसायकली आणि तिची स्कूटर, तिन्ही गाड्यांची वही तिच्याकडे आहे. अब्बांनी आखलेले चार रकाने तिने पाच केले. पाचवा रकाना ‘कुणी केले’ हा. त्यात ती शोरूमचे नाव लिहीत नाही, काम करणाऱ्याचे लिहिते. त्यासाठी प्रत्येक वेळी त्याला नाव विचारावे लागते. तिचे म्हणणे, नाव विचारल्यावर माणूस नट पुन्हा एकदा आवळून पाहतो.

गेल्या रमजानच्या आधी नव्या गाडीचा पिवळा दिवा पुन्हा लागला. धाकटा इंदापुरात होता. अब्बा सवयीने म्हणाले, उस्तादांना दाखवून ये. उस्तादांनी गाडी चालू करायला लावली, ऐकली, बंद करायला लावली. मग म्हणाले, “हे माझं काम नाही. हळू चालवत बारामतीला घेऊन जा आणि काय निघालं ते मला येऊन सांग. मलाही कळू दे.”

धाकट्याने घरी येऊन ते सांगितले. अब्बांनी बहिणीकडून वही मागून घेतली, चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. तारीख, किलोमीटर, मग ‘उस्तादांनी गाडी परत पाठवली’. पैशाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिले. आणि पाचव्या रकान्यात, तिथे काहीच काम झालेले नसताना, उस्तादांचे पूर्ण नाव.